सात वर्षांनी गाडी सुरू झाली. आता आधी रंग की आधी रस्ता?

ओहायोकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या विषयावर इथे आधी कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सात वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागून १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरची बॉडी उचलून आणली. बॉडी म्हणजे नुसता पत्रा. चासी नाही, इंजिन नाही, डाव्या दारात बंदुकीच्या छऱ्यांची चार भोकं. आज त्या पत्र्याखाली १९३२ च्या फोर्डची चासी आहे, १९४६-४८ मधलं फ्लॅटहेड (म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) व्ही-८ इंजिन आहे (५९एबी म्हणतात ते), १९३९ चा गिअरबॉक्स आणि १९४० चे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर. मडगार्ड नाहीत, बंपर नाही, टप नाही.

हॉट रॉड हा प्रकार ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तातली जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून वजन उतरवायची, इंजिन बदलायची नाहीतर त्याचीच ताकद वाढवायची, आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर घड्याळ लावून पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही शर्यती सुरू झाल्या. मी करतोय ती 'पारंपरिक' म्हणजे त्या काळी त्या पोरांच्या हाती जे सामान लागत होतं तेवढंच वापरून केलेली.

मागच्या रविवारी इंजिन पहिल्यांदा लागलं. बॉडी अजून उघड्या पत्र्यावर आहे, मध्येमध्ये लाल प्रायमर. जूनमध्ये बाबा पुण्याहून येतायत. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत त्यांनी ३१ वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. पान्याला हात लावायला त्यांनीच शिकवलं. त्यांना ही गाडी पूर्ण झालेली दाखवायची आहे.

प्रश्न हा की आत्ताच सगळं खोलून रंग करून घेऊ, की आहे तशी वर्षभर चालवून मग रंगाला घेऊ? माझं मन चालवण्याकडे ओढ घेतंय. बायको म्हणते, सात वर्षं थांबलास ना, मग आता रंगवूनच बाहेर काढ.

लुनावाला

अभिनंदन!!! फोटो कुठे आहेत? फोटोशिवाय असला धागा म्हणजे ठेच्याशिवाय भाकरी.

सुगरण_ताई

इंजिनातलं काही कळत नाही, पण वाचतेय. सात वर्षं एकाच कामाला धरून राहिलात हेच केवढं आहे. दारातली भोकं कशी बुजवली ते सांगा ना.

फ्रेमाँटकर

आधी रस्ता. यात दुसरं मत असूच नये असं मला वाटतं.

मी १९२९ ची कूपे केली, पाच वर्षं लागली. घाई करून आधी रंग दिला, गडद निळा, तीन दिवस घासून आरशासारखा केला. मग चालवायला काढली तर क्लचचं पेडल मागे येईना, रेडिएटर ग्रिलच्या कवचाला घासायचा, आणि एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला अर्धा इंचही जागा ठेवत नव्हता. प्रत्येक दुरुस्तीला बॉडीच्या आसपास पाना फिरवायचा आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा. शेवटी काऊलवर (काचेच्या पुढच्या पत्र्यावर) पाना निसटलाच. त्या रात्री जेवलो नाही.

नवी जुळवलेली गाडी पहिल्या तीनशे मैलांत जेवढं सांगते तेवढं गॅरेजमध्ये वर्षभर उभी राहून सांगत नाही. बोल्ट ढिले होतात, तेल कुठून गळतं ते कळतं, दारं बसतात. ते सगळं उरकू द्या. मग पूर्ण खोला आणि रंगवा.

जुनं_ते_सोनं

माझं मत कडवट वाटेल, पण लिहितो. नव्वद वर्षं जुनी गाडी ही वारसा असते. तिच्यावर करवत चालवून दुसऱ्याच वर्षाचं इंजिन घालायचं याला मी नासधूस म्हणतो. मूळ चार सिलिंडरचं इंजिन शोधून गाडी होती तशी उभी केली असती तर जास्त आनंद झाला असता.

ओहायोकर

@जुनं_ते_सोनं, राग अजिबात नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. मॉडेल ए जवळपास ४८ लाख बनल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या आजही भरपूर आहेत. माझ्याकडे आलेला पत्रा भंगाराच्या वाटेवर होता. पूर्ण, चालती गाडी मिळाली असती तर मी एक भोकसुद्धा पाडलं नसतं, हे मनापासून सांगतो. शिवाय हॉट रॉडलाही आता ऐंशी-नव्वद वर्षं होऊन गेलीत, तोही वारसाच झाला की.

@सुगरण_ताई, भोकांची गोष्ट मोठी आहे, रात्री लिहितो.

इलेक्ट्रॉन

एवढी मेहनत घेतलीच आहे तर बॅटरी आणि मोटर का नाही टाकली? आवाज नाही, धूर नाही, वेगही जास्त.

फ्रेमाँटकर

@इलेक्ट्रॉन, माझी रोजची गाडी इलेक्ट्रिकच आहे, मला ती आवडते. पण फ्लॅटहेडचा आवाज एकदा जवळून ऐका. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो, म्हणजे चार सिलिंडरांना तीन तोंडं. त्यामुळे त्या आवाजाला एक लडखडती लय येते, दुसऱ्या कुठल्या व्ही-८ ला ती नाही. माझ्यासाठी निम्मी गाडी त्या आवाजातच आहे.

ओहायोकर

तर भोकं.

छऱ्याची चारही भोकं आधी वेल्डिंगने भरली. एक टाका मारायचा, पत्रा गार होऊ द्यायचा, मग दुसरा. घाई केली की पत्रा तापून फुगतो. एवढं करूनही दाराच्या खालच्या भागात खळगे राहिले. आजकाल तिथे लांबी (पुट्टी) भरतात. जुन्या काळी शिसं भरायचे, मीही तेच केलं. सत्तर टक्के शिसं, तीस टक्के कथील अशा कांड्या मिळतात.

पत्रा आधी चकचकीत होईपर्यंत घासायचा. मग त्यावर फ्लक्स आणि कथलाचं मिश्रण लावून हलकी आच द्यायची, आणि ते उकळून तपकिरी झालं की सुती फडक्याने एका दमात पुसायचं. पुसलं की खाली चांदीसारखा थर दिसतो. तो थर धरला नसेल तर वर घातलेलं शिसं पुढेमागे सुटून येतं. मग कांडी तापवून गोळे ठेवायचे आणि लाकडी फळीने सारवायचं. फळीला मधमाश्यांचं मेण चोळलेलं असतं, नाहीतर शिसं चिकटून बसतं. आच जास्त झाली की सगळं ओघळून बुटांवर. कमी झाली तर भुरभुरीत. मधली अवस्था लोण्यासारखी असते आणि ती काही सेकंदच टिकते. शेवटी कानशीने उतरवायचं. ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, कारण शिशाची धूळ विषारी असते. मी मास्क घालून, मुलांना लांब ठेवून केलं, आणि ते कपडे वेगळे धुतले.

पहिले दोन प्रयत्न खरवडून काढले. तिसऱ्याला दार बसलं.

सुगरण_ताई

अहो, ही तर कल्हई झाली! लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाले काका यायचे. भाता मारून भांडं तापवायचे, नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा, कथलाचा तुकडा फिरवून कापडाच्या बोळ्याने झर्रकन पुसलं की आतून चांदी. आम्ही पोरं तो धूर नाकात जाईपर्यंत तिथून हलत नसू.

ओहायोकर

ताई, अगदी तेच! पुसताना तोच झर्रकन हात लागतो. यू-ट्यूबवर बघून जमेना, कराडला आजीच्या दारात बघितलेला तो हात आठवला आणि मग जमलं.

रॅट_रॉड_फॅन

रंग देऊच नका. गंज तसाच ठेवा, वर मॅट क्लिअर मारा. भारी दिसेल.

फ्रेमाँटकर

तो वेगळा पंथ आहे, ज्याला आवडतो त्याने करावा. पण जुने फोटो बघा. त्या पोरांना गंजाचं प्रेम नव्हतं. पैसे नव्हते म्हणून प्रायमरवर फिरायचे, चार पैसे जमले की पहिला खर्च रंगावर. एल मिराजच्या जुन्या फोटोंत कितीतरी गाड्या लखलखीत दिसतात.

अवांतर: युद्धानंतर विमानांचं भंगार स्वस्तात विकायला निघालं, तेव्हा बिल बर्क याने १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखालची पेट्रोलची जादा टाकी घेतली आणि तिचीच रेसची गाडी केली. थेंबाच्या आकाराची. हाताला लागेल त्यातून वेग काढायचा, या सगळ्या प्रकाराचा जीव तिथे आहे.

शिरोलीकर

कोल्हापूरकडून रामराम. मी फाउंड्रीत आहे, ओतकाम. गाडीतलं फार कळत नाही, पण त्या फोर्डच्या ब्लॉकबद्दल आम्हाला शिकताना सांगितलं होतं. १९३२ पर्यंत व्ही-८ म्हणजे महागड्या गाड्यांची चैन, आणि त्यातले बरेचसे ब्लॉक तुकड्यांत ओतून जोडायचे. स्वस्तातल्या गाडीसाठी आठ सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतात काढायचं, तेही रोज हजारांच्या संख्येने, हे धाडस फोर्डने केलं. सुरुवातीला ढीगभर ब्लॉक भंगारात गेले. कोअर (पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) जरा सरकला की भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. फोर्डच्या उत्पादनाचा प्रमुख चार्ल्स सोरेनसन, त्याला लोक 'कास्ट आयर्न चार्ली' म्हणायचे. ओतकामातल्या माणसाला असं नाव मिळणं म्हणजे पदवीच की हो.

एक विचारतो दादा, पाण्याच्या जागेतून कोअरची वाळू निघाली का?

ओहायोकर

@शिरोलीकर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत! वाळू, गंजाचा चिखल आणि कोअरमधल्या तारांचे तुकडे, सगळं मिळून डालड्याचा छोटा डबा भरला. ऐंशी वर्षं ती वाळू आत बसली होती.

या इंजिनाचं दुखणंच उष्णता आहे. व्हॉल्व्ह मधल्या खोबणीत, आणि जळलेला धूर ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या मधून बाहेरच्या बाजूला निघतो. म्हणजे एक्झॉस्टची सगळी धग पाण्याला. त्यात वाळू भरलेली असेल तर इंजिन तापणारच. आणि तापलं की व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडा जातो.

माझा पहिला ब्लॉक त्यातच गेला. एका मशीन शॉपकडे दिला होता, तपासून मगच बोअर करा असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी आधी बोअर केला, पैसे घेतले, आणि घरी आणून मी चुंबकीय तपासणी करवली तर तीन तडे. पैसे गेले, आठ महिने गेले. दुसरा ब्लॉक पेनसिल्व्हेनियात हर्शीच्या ऑक्टोबरातल्या बाजारात मिळाला. त्या बाजारात मैलभर चालत जुने सुटे भाग बघायचे, हे माझं पंढरपूर आहे. यावेळी आधी तपासणी, मग पैसे. जो कुणी फ्लॅटहेड घेणार असेल त्याला हात जोडून सांगतो, तडा बघितल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका.

शिरोलीकर

फाउंड्रीत आम्ही फेटलिंगला (ओतलेला भाग साफ करायला) दोन माणसं जादा ठेवतो ते याचसाठी. वाळू लपून राहते, आणि पुढे कुणाच्या गाडीत कधी बोलेल ते सांगता येत नाही. छान वाटलं वाचून.

नाशिकचा_रंगारी

गेली बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. मूळ प्रश्नावर येतो.

दादा, प्रायमरवर चालवायचं ठरवलंत तर साधा प्रायमर चालणार नाही. त्याला बारीक छिद्रं असतात, पाणी शोषतो. वरून कोरडा दिसतो आणि खाली पत्रा गंजतो. मग वर्षाने रंग देताना सगळं परत खरवडायचं. उघडा पत्रा तर अजिबात नको. पत्र्यावर थेट इपॉक्सी प्रायमर मारा, तो पाणी आत जाऊ देत नाही. शिसं भरलं आहे तिथे आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने नीट धुवा आणि पूर्ण वाळवा. फ्लक्सचं आम्ल राहिलं तर रंगाला फोड येतात. हे मी गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकलोय, परत रंगवून द्यावी लागली होती.

दुसरं महत्त्वाचं. हार्डनर घालून जे टू-के रंग मारतात त्यात आयसोसायनेट असतं. साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क लागतो. आमच्या लाइनीतल्या लोकांना दमा झालेला मी पाहिलाय. घरच्या गॅरेजमध्ये करू नका.

ओहायोकर

रंगारीदादा, इतकं नेमकं इथे कुणी सांगितलं नव्हतं. शिसं भरलेली जागा परत धुतो. तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतोय.

चाकोरीबाहेर

हे भारतात करता येईल का? मामाच्या शेडमध्ये एक जुनी फियाट पडून आहे...

वकीलीणबाई

रस्त्यावर चालवायची असेल तर नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतली वेगळी नोंदणी मिळते, पण तिथेही अट मूळ स्वरूपाचीच. तेव्हा फियाट आहे तशीच उभी करा, सुंदर दिसेल.

ओहायोकर

इकडेही मोकळं रान नाही. ओहायोत अशा घरी जुळवलेल्या गाडीची हायवे पेट्रोलकडून तपासणी होते, मुख्य भागांच्या पावत्या दाखवाव्या लागतात. सात वर्षांच्या पावत्या मी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात.

लुनावाला

रंग काळा. विषय संपला.

सुगरण_ताई

काळ्यावर धूळ फार दिसते हो. मेंदीचा हिरवा द्या.

फ्रेमाँटकर

१९३२ च्या फोर्डला वॉशिंग्टन ब्लू नावाचा निळा असायचा. बघा एकदा.

ओहायोकर (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. बायकोला फ्रेमाँटकर आणि रंगारीदादांचे प्रतिसाद वाचून दाखवले, तिने मान्य केलं. गडद राखाडी इपॉक्सी प्रायमर मारला, तोही एका मित्राच्या बूथमध्ये, हवेच्या मास्कसह. आणि गाडी रस्त्यावर काढली.

तिसऱ्याच मैलाला, चाळीसच्या वेगात, एका खड्ड्यावरून पुढची चाकं जी थडथडायला लागली की स्टिअरिंग हातात राहीना. पूर्ण थांबेपर्यंत थरथर. हातपाय गार पडले.

घरी आणून मोजलं. पुढचा ॲक्सल मागे झुकलेला असावा लागतो, माझा झुकला होता फक्त दोन अंश, कारण विशबोन (ॲक्सलला धरणारे व्ही आकाराचे रेडिअस रॉड) कापून बाजूला बसवताना मी माप चुकवलं होतं. टो-इन नव्हतंच, उलट चाकं बाहेर फाकलेली. वर टाय रॉडचा एक एंड ढिला. आता झुकाव सहा अंश, टो-इन एक अष्टमांश इंच, एंड नवा. काल साठने गेलो, स्टिअरिंग शांत.

यासाठी रेडिअस रॉडचे ब्रॅकेट कापून परत वेल्ड करावे लागले. चासीला पक्का रंग असता तर तो सगळा जळला असता.

नाशिकचा_रंगारी

बघा. जिवावरचं निभावलं. ब्रेक पण एकदा परत तपासा.

ओहायोकर (जुलै)

बाबा येऊन महिना झाला.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काही बोलले नाहीत. दाराच्या खालच्या कडेवरून, जिथे शिसं भरलंय तिथे, अंगठा फिरवला आणि विचारलं, "इथं काही होतं का?" सांगितल्यावर "हं" म्हणाले. मग म्हणाले, "चालू कर."

इंजिन गरम झाल्यावर त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला. टोक ब्लॉकला, मूठ कानाला, असे पुढून मागे आले. डाव्या बाजूला मागे थांबले. "हा टॅपेट बोलतोय. आठवा सिलिंडर." मी दोन महिने तो आवाज ऐकत होतो आणि कार्ब्युरेटरमध्ये शोधत होतो.

या इंजिनात इनटेक उचलल्याशिवाय टॅपेटला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्याला) हात लागत नाही, आणि इनटेकवरच जनरेटर आणि पंखा बसवलेला. दोन कार्ब्युरेटर, लिंकेज, सगळं काढलं. बाबा स्टुलावर बसून एकेक नट पुसून ताटलीत क्रमाने ठेवत होते. फिलर गेज घातलं तर आठव्या एक्झॉस्टला चौदा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवे तिथे बावीस. लॉक सरकला होता.

रविवारी शेतातल्या खाजगी रस्त्यावर त्यांना चालवायला दिली. या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, मी अजून दर दुसऱ्यांदा खर्रर्र करतो. त्यांनी डबल क्लच मारून धावत्या गाडीत दुसऱ्यावरून पहिला टाकला, आवाजसुद्धा आला नाही. म्हणाले, "आमच्या लेलँडसारखीच आहे." परतताना तीन किलोमीटर कुणी काही बोललं नाही.

नोव्हेंबरात पूर्ण खोलून रंगाला नेतोय. दसऱ्याला बाबा नसतील, म्हणून त्यांनी खंडेनवमीची पूजा मला शिकवून ठेवलीय. पाने, कानस, ती मेणाची फळी, सगळं मांडायचं, आणि झेंडूचा हार रेडिएटरला घालायचा, हेडलाइटला नाही.

रंग अजून ठरलेला नाही. बाबा म्हणतात लाल. एसटीचा लाल.

सुगरण_ताई

लालच!

फ्रेमाँटकर

वॉशिंग्टन ब्लूचा आग्रह मागे घेतो. टॅपेटचं लॉक कुठल्या बनावटीचं होतं ते कळवाल का? माझ्याही आठव्यातून हल्ली टिकटिक येतेय.